गोधडीच्या आतली गोधडी



मनुष्य देवाघरी गेल्यानंतर त्याचे घर आवरण्याचे काम किती जड असते, हे ज्याने ते केले असेल त्यालाच समजेल. दुःखाचा पहिला पूर ओसरलेला असतो, महिन्याची मिस्सा झालेली असते, परगावचे नातलग परतीच्या तयारीला लागलेले असतात, आणि मग कोणीतरी हळूच विचारते, "आता त्या खोलीचे काय करायचे?"

तीन वर्षांपूर्वी आमच्या आईच्या निधनानंतर आम्हां भावंडांवर हीच वेळ आली. आईने वयाची नव्वदी ओलांडली होती. बेळगावातील आमचे जुने घर, त्यात ती आणि तिची देखभाल करणारी एक बाई, एवढीच वस्ती उरलेली होती. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त हैदराबादेस स्थायिक झालेला, बहीण इंदूरला दिलेली. मी मात्र गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. देवाची कृपा अशी की, वाटणीवरून आमच्यात एकही वावगा शब्द निघाला नाही. चार दागिने होते ते आईने आधीच वाटून दिले होते. तांब्यापितळेची भांडी ज्याला हवी त्याने घेतली. जपमाळ बहिणीने मागितली, क्रूस भावाने नेला. सरतेशेवटी मोठ्या लोखंडी पेटीच्या तळाशी एक गोधडी राहिली आणि ती कोणालाच नको होती.

नको असण्यास कारणेही सबळ होती. ती विलक्षण जड होती. वरचे कापड विटून त्याचा मूळ रंग कोणता हे सांगता येत नव्हते. भावाच्या सूनबाई मोठ्या समंजस आहेत. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ही धुवायची कुठे आणि वाळवायची कुठे? मशीनमध्ये तर मावायची नाही. बोहारणीला देऊ या. तिच्या तरी उपयोगी पडेल." मला त्यात काही गैर वाटले नाही. प्रांजळपणे सांगते, "हो, देऊन टाक," असे मीच म्हणाले.

गोधडी उचलून दारापर्यंत नेताना तिची एक शिवण उसवली. आतून जुन्या चिंध्या दिसतील अशी माझी समजूत होती. दिसली ती दुसरी गोधडी. हिरव्या इरकली लुगड्याची, बारीक टाक्यांची, आणि वरच्या गोधडीपेक्षा कितीतरी नेटकी. जिज्ञासेने आम्ही आणखी थोडी शिवण सोडविली. त्या हिरव्या गोधडीच्या बरोबर मध्यावर मलमलीचे एक पांढरे झबले पसरून शिवलेले होते. ते कापलेले नव्हते. त्याचे बंदसुद्धा जागच्या जागी होते. छातीवर तांबड्या दोऱ्याने काढलेला बोटभर लांबीचा क्रूस होता.

स्नानसंस्काराचे ते शुभ्र वस्त्र होते, हे ओळखण्यास वेळ लागला नाही. परंतु ते कोणाचे? आम्हां तिन्ही भावंडांना ज्या एकाच झबल्यात वेदीपुढे नेले, ते तर आईने निराळे जपून ठेवले होते आणि बहिणीच्या लेकरांनाही ते घातले होते. हे दुसरे झबले कोणाचे, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. मी सत्तरी उलटलेली बाई. आईच्या शेजारी सगळा जन्म काढला. आणि जिच्याखाली मी लहानपणी निजले, जिच्यासाठी थंडीच्या दिवसांत भावंडांशी ओढाताण केली, त्या गोधडीविषयी मला काडीइतकीही माहिती नव्हती. बोहारीण त्या दिवशी रिकाम्या हाताने गेली.

वडिलांच्या पाठच्या सगळ्या भावंडांत एक धाकटी आत्या तेवढी हयात आहे. ती खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आपल्या नातवाकडे असते. तिला ऐकू कमी येते, डोळ्यांनीही अंधूक दिसते. पुढच्या रविवारी गोधडी पिशवीत घालून मी बसने तिच्याकडे गेले. काहीएक न बोलता मी गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने कडेवरून हात फिरविला, उसवलेल्या जागेतून बोटे आत घातली, आणि झबल्याच्या बंदाला हात लागताच ती थबकली.

"वहिनीची गोधडी ही," ती म्हणाली. "उसवलीस होय गं?"

"आपोआप उसवली, आत्या. हे झबलं कोणाचं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सांगू नको म्हणाली होती वहिनी. मी कुणाला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. आता ती गेली. आता सांगितलं तर चालेल, नव्हं?"

आणि तिने सांगितले. १९४९ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरात पाच महिन्यांचा एक मुलगा तापाने गेला. तीन दिवसांचाच ताप. वडील तेव्हा कामासाठी मुंबईस होते. ते येईपर्यंत माती देऊन झालेली होती. गेलेल्या तान्ह्याचे कपडे घरात ठेवू नयेत, अशी त्या काळी बायकांची समजूत असे; म्हणून आजीने ते सगळे बाहेर देऊन टाकण्यास सांगितले. आईने बाकीचे दिले. झबले मात्र तिने तांदळाच्या कणगीमागे लपविले. पाऊस सरल्यावर तिने स्वतःच्या लग्नातले हिरवे लुगडे फाडून गोधडी घातली आणि झबले तिच्या पोटात शिवून टाकले. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती. सुईत दोरा ओवून देण्याचे काम तिच्याकडे होते, म्हणून तिला हे ठाऊक.

"आईनं विचारलं, झबलं कुठं? वहिनी म्हणाली, दिलं," आत्या सांगत होती. "ते खोटं बोलणं तिनं पापनिवेदनात फादरांना सांगितलं की नाही, देव जाणे. तू जन्मलीस ती पुढल्या वर्षी. पहिल्या रात्री तुला ह्याच्यातच गुंडाळलं होतं."

वाचकहो, सत्तर वर्षे मी स्वतःला घरातली थोरली समजत आले. माझ्या आधी कोणीतरी होते, हे मला एका फाटक्या शिवणीने सांगितले.

"त्याचं नाव काय होतं, आत्या?" मी विचारले. ती आठवू लागली. "नाव होतं बाई. गोड नाव होतं..." पण ते तिला आठवेना, आणि आठवत नाही म्हणून तिला रडू आले.

ते नाव आम्हांस अखेर मिळाले. आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी जुन्या स्नानसंस्कारांची नोंदवही काढून दिली. शाई तपकिरी पडलेली, कागद कडेने झडलेला. पण त्या वेळच्या धर्मगुरूंनी टाकाच्या वळणदार अक्षरांत एक ओळ लिहून ठेवली होती. मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, तारीख. ते नाव मी येथे लिहीत नाही. ते आमच्या घरचे आहे. एवढेच सांगते की, आता आमच्या घरच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते घेतले जाते.

ह्या प्रसंगानंतर गोधडी ह्या वस्तूकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागले. आपल्याकडे तिला कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ म्हणते. आमचे कानडी शेजारी कौदी म्हणतात. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच. संक्रांतीनंतर हवा कोरडी झाली की अंगणात जुने लुगडे अंथरावयाचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, वर मऊ झालेली धोतरे, सदरे, परकर ह्यांचे थर सारखे पसरावयाचे, त्यावर पुन्हा लुगडे. आधी लांब लांब कच्चे टाके, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून धावदोरा घालीत घालीत मध्याकडे यावयाचे. चार बाजूंना चार जणी बसल्या तरी काम कित्येक दिवस चालते. नवे कापड सहसा कोणी घालीत नाही, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडासारखी ऊब नव्या कापडास नाही. ह्याचाच अर्थ असा की, प्रत्येक गोधडी कोणाच्या तरी अंगावरून उतरलेली असते.

आणि वरचे कापड विरले की गोधडी टाकून देत नाहीत. तिच्यावर नवे लुगडे घालून पुन्हा टाके घालतात. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. आमच्या आईने तिच्या गोधडीवर निदान दोनदा तरी असे कापड चढविलेले होते, हे आम्हांस शिवण सोडविताना दिसले. आतल्या टाक्यांचा हात तरुण होता, बाहेरच्या टाक्यांचा थरथरता. दोन्ही हात तिचेच.

आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या बाजूच्या रानांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांच्या आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून त्यांना गुलाम म्हणून ह्या किनाऱ्यावर आणले गेले. गोव्यातील धन्यांच्या हातून निसटून कित्येकांनी ह्या अरण्याचा आश्रय घेतला. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. त्यांच्या स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात, त्यांची कीर्ती आता दूरवर पोहोचली आहे. रंगीबेरंगी तुकडे वरच्या बाजूस लावून कडेकडेने शिवीत त्या मध्याकडे येतात. कॅथलिक घरची स्त्री कधी कधी तुकड्यांचा क्रूस घालते. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकीवर एक बसवितात. त्यांना फुले म्हणतात. त्या फुलांवाचून गोधडी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. २००४ साली हेन्री ड्रूअल ह्या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या साहाय्याने त्यांतील काही स्त्रियांनी आपली सहकारी संस्था उभारली, आणि त्यांच्या गोधड्या परदेशांतील प्रदर्शनांतून मांडल्या गेल्या.

ज्यांच्या पूर्वजांची नावे धन्याने बदलली, ज्यांच्या घराण्याचे कागदपत्र कोणी लिहून ठेवले नाहीत, त्यांच्या हातांत एक कसब राहिले आणि ते आईकडून मुलीकडे गेले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अशीच एक हकीकत समुद्रापलीकडची आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील बहुतेक रहिवासी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. कित्येकांचे आडनाव पेटवे, आणि ते आडनावही जुन्या मळेवाल्या धन्याचेच. १९४२ साली तेथील मिझुरी पेटवे नावाच्या एका विधवेने आपल्या दिवंगत पतीचे शेतात घालण्याचे कपडे गोळा केले. विजारी, सदरे, घामाने आणि उन्हाने विटलेले जाड कापड. त्यांचे तुकडे जोडून तिने एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्याच मायेखाली निजता यावे, हा तिचा हेतू. त्या कामी तिची मुलगी अर्लोंझिया तिच्या हाताखाली होती. पुढे जीज बेंडच्या गोधड्या अमेरिकेतील मोठमोठ्या कलासंग्रहालयांत पोहोचल्या. २००६ साली त्यांच्यावर टपालाची तिकिटेही निघाली.

परंतु मिझुरीच्या गोधडीतले कापड कोणाचे, ती कोणत्या दुःखात शिवली, हे जगाला कशाने कळले? गोधडीवर ते लिहिलेले नाही. ते कळले, कारण हाताखाली काम केलेल्या मुलीने म्हातारपणी ते सांगितले आणि कोणीतरी ते ऐकून घेतले. आमच्या घरी जी कामगिरी बारा वर्षांच्या आत्येने केली, तीच तेथे अर्लोंझियाने केली.

येथे मला आपल्याच भाषेतील एका थोर कृतीचे स्मरण होते. आपणांपैकी अनेकांनी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव ऐकले असेल. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली निवर्तेपर्यंत बहुतांश साष्टी भागात राहिले. मराठी भाषेच्या गोडीने मोहित होऊन त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. आश्चर्य असे की, ह्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोणास सापडलेली नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. त्यानंतरच्या काळात ह्या भाषेतील ग्रंथांवर जी अवकळा आली, तिच्यात छापील पुराणेही नाहीशी झाली.

मग ते आपल्यापर्यंत कसे आले? हाताने. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी आणि इतरही श्रद्धावंतांनी ते पुराण उतरून घेतले. जुनी वही जीर्ण झाली की तिच्यावरून नवी लिहिली. घरांतून आणि देवळांतून ते वाचले गेले, गायिले गेले. मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली ह्या हस्तलिखितांच्या आधारे ते पुन्हा छापले, तेव्हा सुमारे अडीचशे वर्षांनी त्याला छापखान्याचे दर्शन घडले. छापील ग्रंथ गेले आणि हाताने उतरलेल्या वह्या राहिल्या. उतरून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आपणांस ज्ञात नाहीत. रात्री दिव्याच्या उजेडात बसून त्यांनी ओवीमागून ओवी लिहिली. ग्रंथ रचणारा एक. त्याला जिवंत ठेवणारे शेकडो. ह्यांतील प्रत्येक वही म्हणजे जुन्या गोधडीवर चढविलेले नवे लुगडेच.

ह्यावरून मला जे उमगले ते साधे आहे. हाताने केलेली वस्तू दोन गोष्टींनी टिकते. एक, कोणीतरी तिला पुन्हा हात लावतो, तिच्यावर नवा थर चढवितो. दुसरी, कोणीतरी तिची गोष्ट सांगतो. पहिली गोष्ट नसेल तर वस्तू कुजते. दुसरी नसेल तर वस्तू राहते पण मुकी होते. आणि मुक्या वस्तूस कोणीही, अगदी पोटची लेकसुद्धा, बोहारणीच्या पाटीत टाकावयास तयार होते.

'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात याफो येथील टबीथेची कथा आहे. ती सत्कृत्ये आणि दानधर्म करण्यात तत्पर असे. ती आजारी पडून मरण पावली, तेव्हा पेत्राला बोलावणे धाडण्यात आले. तो माडीवर आला, तेव्हा गावातील विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि टबीथेने हयातीत शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले, परंतु त्या विधवांकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्यांनी तिच्या गुणांची लांबलचक वर्णने केल्याचे तेथे लिहिलेले नाही. त्यांनी तिच्या हाताचे काम पुढे धरले. मात्र ते काम पेटीत पडून राहिले असते तर? त्यांनी ते दाखविले, म्हणून पेत्राला कळले की ही कोण होती.

आता कोणी म्हणेल, "बाई, हे सगळे ठीक, पण आजच्या दोन खोल्यांच्या घरात आजीची गोधडी, आजोबांचा कातीव पाट, मावशीचा विणलेला रुमाल, सगळेच कोठे ठेवावयाचे?" आक्षेप रास्त आहे. सूनबाईंचे बोलणे मी वर मुद्दाम लिहिले आहे, ते त्यांना दोष देण्यासाठी नव्हे. सगळे जपून ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. ज्या वस्तूचा कोणास उपयोग होईल ती द्यावी. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पडलेली गोधडी पेटीतल्या गोधडीपेक्षा निश्चितच भाग्यवान. परंतु देण्यापूर्वी ती वस्तू कोणाची, कशाची, हे विचारावे. विचारण्यास पैसा लागत नाही आणि जागाही लागत नाही.

म्हणून माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सुचविते. घरात वडीलधारे माणूस असेल तर एखाद्या रविवारी मिस्सेनंतर त्याच्यापुढे त्याच्या हातची एखादी वस्तू ठेवावी आणि विचारावे, "हे कधी केलेत? कोणासाठी केलेत?" थेट "तुमची गोष्ट सांगा" म्हटले तर म्हातारी माणसे लाजतात, वस्तू हाती दिली की आपोआप बोलू लागतात. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावे, आणि साल ठाऊक असेल तर तेही. दुसरे, गोधडी किंवा भरतकाम जपावयाचे असल्यास कापडाच्या लहान पट्टीवर दोऱ्याने करणारीचे नाव आणि वर्ष काढून ती पट्टी आतल्या कोपऱ्यास शिवावी. कागद हरवतो, टाका सहसा हरवत नाही. तिसरे, अशी वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आत दमट होऊन बुरशी धरते. धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळावी, कडुनिंबाचा वाळलेला पाला सोबत ठेवावा, पावसाळा संपल्यावर एकदा वारा द्यावा आणि प्रत्येक वेळी घडी निराळ्या जागी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड तुटत नाही. चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सुईत दोरा ओवावयास बसवावे. टाके वाकडे पडले तरी चालतील. आमच्या घराचा एक सबंध जीव, दोरा ओवणाऱ्या एका पोरीच्या स्मरणात, सत्तर वर्षे सुरक्षित राहिला.

एका गोष्टीचा मात्र मी पुष्कळ विचार केला. आईने जे झाकून ठेवले ते आम्ही उघडे करणे योग्य झाले काय? आणि ते येथे लिहिणे तरी योग्य काय? भावंडांशी बोलूनच मी हे लिहीत आहे. मी आईला हयातीत विचारले असते, तर तिने सांगितले असते की नसते, हे मला आता कधीच कळणार नाही. कदाचित ती म्हणाली असती, "जुनी गोधडी आहे गं, निज आता." परंतु मी विचारलेच नाही. रोज संध्याकाळी तिच्याकडे जात होते. भाजी, औषध, वीजबिल ह्यांविषयी बोलत होते. आणि ती ज्या गोधडीवर हात ठेवून बसलेली असे, तिच्याविषयी एक प्रश्न मला सुचला नाही. तिने मौन राखले हा तिचा अधिकार होता. मी विचारले नाही, ही माझी चूक.

झबले बाहेर काढून चौकटीत लावावे, असे बहिणीचे मत पडले होते. त्याचे छायाचित्र घेऊन ठेवू या, असे भावाने सुचविले. शेवटी आम्ही ते जेथे होते तेथेच राहू दिले. गेल्या माघात, थंडी संपता संपता, धाकट्या आत्येला आम्ही बेळगावास घेऊन आलो. आईचे शेवटचे वापरातले सुती लुगडे गोधडीवर चढविले. इंदूरहून बहीण आली. हैदराबादेहून भाऊ, त्याच्या सूनबाई आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी आली. आत्येला टाके घालता येत नव्हते. ती कडेला बसून कोणाचा टाका लांब पडला ते बोटांनी चाचपून सांगत होती, आणि आम्ही उसवून पुन्हा घालीत होतो. दोरा ओवण्याचे काम त्या नऊ वर्षांच्या मुलीकडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला विचारले, "आत्याआजी, आत कोण आहे?"

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी सुई खाली ठेवली आणि तिला ते नाव सांगितले.

गोधडी आता हैदराबादेस, तिसऱ्या मजल्यावर आहे. सूनबाईंनी ती स्वतः मागून नेली.